टेम्पो पाहावा घेऊन

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' ही म्हण ज्याने केली त्याने सेकंडहँड टेम्पो घेतलेला नसणार. नाहीतर तिसरं कलम आलंच असतं!

गेले चार शनिवार मी आणि माझा मावसभाऊ हेच करतोय. दादाची भोसरीला छोटी बेकरी आहे. खारी, बटर, टोस्ट. माल भाड्याच्या उघड्या टेम्पोतून जायचा, वर ताडपत्री. जुलैत एका पावसात ताडपत्री फाटली, चाळीस क्रेट खारी भिजली आणि नऊ वर्षं माल घेणाऱ्या दुकानदाराने दुसरा सप्लायर धरला. (भिजलेल्या खारीइतकी केविलवाणी वस्तू मी दुसरी पाहिली नाही.) तेव्हा स्वतःची, बंद बॉडीची गाडी घ्यायची ठरली. बजेट सहा लाख, त्यातले दोन वहिनीच्या बांगड्यांवर काढलेले. म्हणजे गंमत नाही.

मला सोबत का घेतलं? तर 'तू कॉम्प्युटरवाला, तुला कळतं.' घरातला प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला टेम्पोचं इंजिनही कळतं, हा आमच्या घराण्याचा सिद्धांत आहे. खरी भिस्त होती ती गॅरेजवाल्या चाचांवर. मी आपला हिशोबनीस.

पहिला हिशोब साइजचा. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात जो तो एकच सांगतो, 'मोठीच घ्या साहेब, धंदा वाढणारच ना!' आम्ही टेप काढला. दादाचा क्रेट ६० बाय ४० बाय ३० सेंटीमीटर. आतून १० फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि ६ फूट उंच बॉडीत लांबीत ५, रुंदीत ४ आणि उंचीत ६, असे १२० क्रेट बसतात. रोजचा माल शंभरच्या आत. भरलेला क्रेट ८ किलोचा, म्हणजे गाडी शिगोशीग भरली तरी ९६० किलो. खारी जागा खाते, वजन नाही. चौदा फुटी गाडी घेतली असती तर रोज हवा वाहून नेली असती, तीही पेठांतल्या गल्ल्यांमधून. उलट २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, साधारण सात फुटी हौद्याचा. तो कमी पडतो. मधला पर्याय ४०७ च्या वर्गातला. १९८६ पासून रस्त्यावर असलेली गाडी, तिचे पार्ट कुठेही मिळतात.

एक बारकावा: बंद बॉडीचं स्वतःचं वजनही काही कमी नसतं. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की जे उरतं तेवढाच माल कायद्याने भरता येतो. विकणारा तोंडी काहीही सांगो.

चाचा मात्र आमच्या टेपकडे बघतही नव्हते. ते प्रत्येकाला एकच विचारायचे, "पहले क्या ढोती थी?"

पहिली गाडी सगळ्यात स्वस्त. बाहेरून नवाकोरा रंग, पण दार उघडल्यावर वास आला. कोकणातून मासळी आणायची. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं फटींतून चेसिसवर झिरपलेलं. चाचांनी खाली वाकून स्क्रूड्रायव्हर टोचला, तर गंजाचे पापुद्रेच निघाले. शिवाय त्यात खारी ठेवणार कोण?

दुसरीचा मीटर म्हणे ६८ हजार किलोमीटर. क्लचच्या पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेलं. मागच्या कमानपाट्यांत दोन पाटे जास्तीचे, चेसिसवर वेल्डिंग. टाइल्स वाहायची आणि क्षमतेपेक्षा जास्त वाहायची. ती गाडी बिचारी म्हातारी झाली होती, फक्त मीटर तरुण होता.

तिसरी २०१९ची, कुरियरच्या कामाची. मीटर २ लाख ४० हजार. आकडा ऐकून दादाचा चेहरा पडला. चाचा खूश! हायवेवर हलका माल घेऊन एका लयीत पळालेली गाडी, सर्व्हिसच्या पावत्या जपलेल्या. इंजिन आधी तापवून ठेवू नका असं फोनवरच बजावलं होतं. थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं, निळा धूर नाही. मग मी आणि दादा आत बसलो आणि बाहेरून दार लावून घेतलं. गच्च अंधार. जिथून उजेड येतो तिथून पाऊस येतो, इतकी सोपी परीक्षा. छताच्या एका कोपऱ्यात एकच बारीक भोक दिसलं. ते बुजवता येतं.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ का नाही? बजेट हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या फिल्टरला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर तापावं लागतं. दादाची गाडी दर अर्ध्या किलोमीटरला थांबणार. फिल्टर चोंदणार.

आता कागद. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून इन्शुरन्स, पासिंग, चलानं पाहिली. चेसिस नंबर आरसीशी ताडून बघितला. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असल्याने परमिट लागतं, तेही पाहिलं. आठ वर्षं उलटली की पासिंग दरवर्षी, तो खर्च वहीत धरला. ड्रायव्हर आला नाही तर दादा साध्या एलएमव्ही लायसन्सवर ही गाडी चालवू शकतो, कारण साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाड्यांना ते चालतं, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

गाडीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे. मालक म्हणाला, "पैसे द्या, एनओसी काय येईलच." दादा एरवी भिडस्त माणूस. पण या वेळी शांतपणे म्हणाला, "विसार दहा हजार. बाकीचे एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावर. बायकोच्या बांगड्या आहेत हो त्या." मालक दोन मिनिटं गप्प बसला आणि मग कबूल झाला.

ही गाडी मासळीवालीपेक्षा सत्तर हजारांनी महाग आहे. पण नवी गाडी घेताना आपण कंपनीवर विश्वास टाकतो, जुनी घेताना एका अनोळखी माणसाच्या सवयींवर. त्याने ऑइल वेळेवर बदललं का, वजन बेताने भरलं का, हप्ते फेडले का. सत्तर हजार त्या सवयींचे, असं मी दादाला सांगितलं आणि त्याला ते पटलं.

असो. एनओसी आली की २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरायचे, १४ दिवसांत इन्शुरन्स नावावर करायचा. सध्या घरात चर्चा एवढीच आहे की मागच्या दारावर काय लिहायचं. दादाला बेकरीचं नाव आणि फोन नंबर हवाय, मावशीला 'आईचा आशीर्वाद'. वहिनी म्हणते, आधी छताचं ते भोक बुजवा.