सोडणे आणि सुटणे

घरातील वयस्कर माणसाच्या प्रकृतीची वही ठेवताना आपण रक्तदाब लिहितो, उपाशीपोटीची साखर लिहितो, वजन लिहितो. झोप लागते का, भूक लागते का, याचीही चौकशी होते. एक नोंद मात्र बहुतेक वह्यांत सापडत नाही: गेल्या वर्षभरात या माणसाची कोणती आवड बंद पडली? आवड ही चैनीची बाब, प्रकृतीशी तिचा काय संबंध, असा आपला समज असतो. माझाही अनुभव नसता, तर मीही तसेच म्हटले असते.

आमच्या घरात ही नोंद करण्याची वेळ आली ती दूरचित्रवाणीवरील कुस्तीमुळे. ही कुस्ती तांबड्या मातीतली नव्हे. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती, जिला मुले ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ म्हणून ओळखतात. माझे थोरले बंधू अण्णा, वय ७९, हे तिचे जुने प्रेक्षक. मीही होतो. आज आम्ही दोघेही ती पाहत नाही. परंतु मी ती सोडली आणि अण्णांची ती सुटली. या दोन क्रियापदांतील अंतर वयस्करांची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने ओळखावे, म्हणून हा लेख.

आमचे बालपण कोल्हापूर जिल्ह्यातले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेले खासबाग मैदान हे आमच्या वडिलांचे तीर्थक्षेत्र. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये १९५२ साली खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, त्याची गोष्ट अण्णांनी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली. पुढे दारासिंगांचे नाव घरोघरी झाले आणि किंगकाँगशी त्यांच्या झुंजीचे किस्से रंगू लागले. त्यानंतर केबल आली आणि अमेरिकेतले अवाढव्य मल्ल थेट माजघरात अवतरले. मातीतल्या कुस्तीवर पोसलेल्या अण्णांना हा प्रकार आवडू नये, असे कोणालाही वाटेल. पण तो त्यांना मनापासून आवडला.

“ते सगळं खोटं असतं ना?” हा प्रश्न आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारी. निकाल आधी ठरलेला असतो हे खरेच आहे. ही क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन आहे, असे त्या कंपनीने १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच मान्य केले होते. त्यामागे सरकारी क्रीडा-नियमनातून सुटका करून घेण्याचा हेतू होता. तरीही प्रेक्षक उठून गेले नाहीत. दशावतारात राक्षसाचा वध होणार हे ठाऊक असूनही कोकणातला माणूस पहाटेपर्यंत बसतोच. अण्णा पाहुण्यांना एवढेच सांगत, “निकाल ठरवता येतो हो, पण पडणं कसं ठरवणार? वजनदार माणूस उंचावरून पाठीवर पडला की पडला.” पडताना मल्ल हात पसरून फळीवर आपटतो, म्हणजे मार सर्वांगावर विभागला जातो, हे ते नातवाला दाखवून देत. मार कमी करता येतो, नाहीसा करता येत नाही, हे तालमीत घाम गाळलेल्या माणसाला कळत होते.

मी ती पाहणे सोडले, त्याचे कारण हा मारच होता. ओवेन हार्ट नावाचा ३४ वर्षांचा मल्ल २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे छतावरून दोराने खाली उतरताना कोसळून मरण पावला. त्या रात्रीचा कार्यक्रम मात्र पुढे चालू राहिला. नोव्हेंबर २००५ मध्ये एडी गरेरो ३८ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्यानंतर २००६ मध्ये कंपनीने मल्लांच्या औषध-चाचण्या आणि हृदयतपासण्या यांचे धोरण लागू केले. आणि जून २००७ मध्ये क्रिस बेन्वा या नावाजलेल्या मल्लाने पत्नीचा व सात वर्षांच्या मुलाचा जीव घेऊन स्वतःचाही अंत केला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांमुळे होणाऱ्या ऱ्हासाच्या विस्तृत खुणा आढळल्या. त्या कृत्याचे सगळे ओझे मेंदूच्या दुखापतीवर टाकता येत नाही. तरीही डोक्यात खुर्ची घातली की आपण टाळ्या वाजवत होतो, त्या टाळ्या मला पुन्हा वाजवता येईनात. जगभरच्या अनेक चाहत्यांनी त्याच सुमारास पाठ फिरवली. पुढे डोक्यावर खुर्ची मारण्यास बंदी आली, पण माझे मन परतले नाही. हे झाले ‘सोडणे’. त्याला कारण होते, तारीख होती, आणि कोणी विचारले तर मला ते नीट सांगता येत होते.

चाहते दूर होण्याची इतरही कारणे असतात आणि ती साधीसरळ असतात. आवडता मल्ल निवृत्त होतो. तेच वैर, तीच दगाबाजी, तोच सूड यांचा कंटाळा येतो. सोबत पाहणारे माणूस घरातून जाते. कार्यक्रमाची वेळ किंवा वाहिनी बदलते. यांतले कोणतेही कारण असले, तरी एक खूण सर्वत्र सारखी राहते: सोडणारा माणूस त्या रिकाम्या वेळात दुसरे काहीतरी ठेवतो. मी सोडली तेव्हा माझ्या वाचनाची पुस्तके वाढली.

अण्णांचे असे झाले नाही. शनिवारी सकाळी चहा झाला की ते आणि त्यांचा नातू टीव्हीपुढे बसत. नातू २०२४ च्या पावसाळ्यात शिक्षणासाठी पुण्याला गेला. काही महिने अण्णा एकटेच बसले. मग मधूनमधून बसू लागले. मग टीव्ही लावायचा राहू लागला. २०२५ च्या एप्रिलपासून भारतात हे कार्यक्रम वाहिनीऐवजी ओटीटीवर गेले, तेव्हा घरातल्या सर्वांना आयते स्पष्टीकरण मिळाले. “बरं झालं, या वयात ती मारामारी कशाला,” असेही कोणी म्हणाले. नातवाने सुट्टीत येऊन टीव्हीवर ती सोय करून दिली, रिमोटचे कोणते बटण दाबायचे ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. तरीही अण्णांनी ते बटण दाबले नाही. शनिवारची सकाळ ते खिडकीजवळ नुसते बसून काढू लागले.

मी विचारले तेव्हा उत्तर आले, “आता पूर्वीसारखी मजा नाही.” हे वाक्य वयस्करांच्या तोंडी इतके शोभून दिसते की पुढे काही विचारायचे असते हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्यक्षात त्याच्या पोटात अनेक निरनिराळी वाक्ये लपलेली असू शकतात: मला नीट ऐकू येत नाही, मला नीट दिसत नाही, कथेचा धागा माझ्या लक्षात राहत नाही, मला एकट्याला बसवत नाही, मला कशातच गोडी वाटत नाही. पाचांवरचे उपाय पाच निराळे आहेत, म्हणून नेमके कोणते वाक्य आहे हे शोधणे महत्त्वाचे.

मी एका कागदावर दोन रकाने केले. पहिल्यात अण्णांच्या बंद पडलेल्या गोष्टी लिहिल्या: कुस्ती, संध्याकाळी पारावर बसणे, बहिणीला फोन करणे, गुरुवारचे भजन. दुसऱ्यात चालू राहिलेल्या: सकाळचे वर्तमानपत्र, शब्दकोडे, गुलाबाच्या कुंड्या. कागद पूर्ण झाल्यावर उत्तर बरेचसे डोळ्यांपुढे आले. वाचायच्या आणि हाताने करायच्या गोष्टी टिकल्या होत्या. माणसांच्या आवाजावर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट गळली होती. मग एका शनिवारी मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसून तो कार्यक्रम लावला. समालोचक हिंदीत बोलत होते आणि त्यांच्यावर हजारो प्रेक्षकांचा गलका होता. दहा मिनिटांत अण्णांनी चारदा विचारले, “काय म्हणाला?” पाचव्यांदा विचारले नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी प्रथम कानातील मळ काढला, मग श्रवणचाचणी केली. दोन्ही कानांत मध्यम प्रमाणात दोष निघाला. वाढत्या वयात श्रवणशक्ती बहुधा उंच स्वरांकडून कमी होऊ लागते. स, श, फ, थ अशी व्यंजने त्या पट्ट्यात येतात. म्हणून ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार सुरू होते. गोंगाटात ती अधिकच वाढते. टीव्हीचा आवाज मोठा केल्याने गलकाही तितकाच मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. माणूस मग हळूहळू त्या जागेतून उठतो. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमी दिल्या आहेत. त्यांत श्रवणदोष, दृष्टिदोष, नैराश्य आणि एकाकीपणा हे चारही आहेत. हे चौघे बहुधा एकमेकांचा हात धरून येतात, हे आम्ही घरातच पाहत होतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कानावर समाधान मानले नाही. त्यांनी अण्णांना दोन प्रश्न विचारले: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वा आनंद वाटला नाही? आणि किती दिवस उदास, निराश वाटले? प्राथमिक चाचपणीसाठी हे दोन प्रश्न जगभर वापरले जातात. वार्धक्यातील नैराश्य तपासण्याची १५ प्रश्नांची एक प्रश्नावलीही आहे. तिच्यातील दुसराच प्रश्न, तुम्ही आपले अनेक उद्योग आणि आवडी सोडून दिल्या आहेत का, असा आहे. म्हणजे वैद्यकशास्त्राने आवडीची नोंद केव्हाच करून ठेवली आहे. घरातल्या वहीतच ती नाही. डॉक्टरांनी थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घेतली, चालू औषधांची यादी पाहिली. कारण मरगळ यांपैकी कशानेही येऊ शकते. अण्णांचे ते अहवाल चांगले आले. मन थोडे खाली गेले होते, पण औषध लागेल इतके नव्हते. दोन महिन्यांनी पुन्हा पाहू, असे ठरले.

एक भेद डॉक्टरांनी समजावून सांगितला, तो येथे नोंदवतो. नैराश्यात माणसाला आवड गेल्याचे दुःख असते. तो हळहळतो, स्वतःला दोष देतो. स्मृतिभ्रंशाच्या आरंभी येणाऱ्या उदासीनतेत पुष्कळदा हळहळही नसते. आवड गेली याचे त्या माणसाला काहीच वाटत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात. घरच्यांनी निदान करू नये, पण हे निरीक्षण डॉक्टरांना अवश्य सांगावे.

श्रवणयंत्र आले आणि पहिला महिना घरात कुरबूर होती. “भांड्यांचा आवाज थेट डोक्यात जातो,” म्हणून अण्णा ते डबीत ठेवून देत. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात, हे आधी माहीत असल्याने आम्ही जबरदस्ती केली नाही. सकाळी एक तास, मग दोन तास, मग जेवताना, असा क्रम ठेवला. दोनदा जाऊन यंत्राची जुळणी करून आणली. सहाव्या आठवड्यात त्यांनी आपणहून बहिणीला फोन लावला.

मग एका शनिवारी त्यांनी कागदावरचे बटण स्वतः दाबले. पुण्याहून नातवाने फोन लावून ठेवला आणि दोघांनी दोन गावांत बसून एकच झुंज पाहिली. शब्द सगळे कळत होते. असे तीन शनिवार झाले. चौथ्या शनिवारी अण्णा टीव्ही बंद करून उठले आणि म्हणाले, “आता नीट ऐकू येतंय म्हणून सांगतो, अर्धा तास नुसतं बोलतातच. कुस्ती कुठंय यात? बास झालं.” त्यानंतर शनिवारी सकाळी ते गल्लीच्या टोकाच्या तालमीत पोरांचा सराव पाहायला जाऊन बसतात. नातवाशी फोन असतोच. विषय बदलला आहे.

अण्णा आजही ती कुस्ती पाहत नाहीत. वहीत पाहणाऱ्याला दोन्ही नोंदी सारख्याच वाटतील: पाहणे बंद. पण पहिल्या वेळी ती सुटली होती, या वेळी त्यांनी ती सोडली आहे. आम्हाला हवे होते ते एवढेच.

वाचकांपैकी जे कोणाची काळजी घेत आहेत त्यांनी आज रात्री तो दोन रकान्यांचा कागद करून पाहावा. टीव्हीवरची मालिका असो, देवळातले कीर्तन असो की पत्त्यांचा डाव. काय बंद पडले, काय टिकले, आणि रिकाम्या झालेल्या वेळात काय आले, हे लिहावे. काहीच आले नसेल आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. ‘आता जगून काय करायचे’ अशी भाषा कानावर आली, तर दोन आठवडेही थांबू नये. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. आणि आमच्या ज्येष्ठ वाचकांना विनंती: “मजा नाही” असे म्हणावेसे वाटले, तर एक वाक्य पुढे बोला. मजा का नाही, तेही सांगा.