बंबातली गुंतवणूक

मी बी.कॉम. होऊन बँकेत कारकून झालो. तेव्हा दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. अमेरिकेतल्या मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक चित्र २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेले, हे वाचताच मी कॅल्क्युलेटर काढला. विकणाऱ्याने ते १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतले होते. म्हणजे दरसाल साडेएकोणीस टक्के चक्रवाढ! आमची बँक एवढे देऊ लागली, तर मीसुद्धा तिथे ठेव ठेवीन.

गंमत अशी की, न खपलेली ती चित्रे १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवली, असे कंपनीच्याच साय बर्गरने सांगून ठेवले आहे. उरलेली तिकडच्या आयांनी केरात टाकली. जी वाचली, तिचे सोने झाले. पुढे १९९० च्या आसपास कंपन्यांनी ढिगाने छापली, शहाण्यांनी जपून ठेवली. ती आज रद्दीच्या भावात! सारांश, भाव चढायला आधी कुणाच्या तरी आईने साफसफाई करावी लागते.

माझ्या आईने ती केली होती. बबलगमबरोबर मिळणारी माझी क्रिकेटपटूंची चित्रे तिने एका दिवाळीत पहाटेच्या बंबात घातली. इतके महागडे अभ्यंगस्नान आमच्या घराण्यात कुणी केले नसेल.

परवा ही बातमी तिला वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझी फार किमतीची होती का रे?"

"छे गं! सगळी मिळून पाच रुपयांची."

वीस वर्षांच्या नोकरीत हिशेबात केलेली माझी ही पहिली खाडाखोड.