शून्य लावून एकशे बारा

आमच्या इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या सिलॅबसमध्ये टेलिफोन एक्स्चेंजवर अख्खं एक युनिट आहे. त्यात अर्लांगचं सूत्र आहे, ट्रॅफिकची गणितं आहेत आणि परीक्षेत हमखास येणारी ती आकृतीही आहे. पण आपण फोनवर आकडे दाबले की ते कुठे जायचे हे ठरवतं कोण, हे मात्र त्यात सापडत नाही. ते मला कळलं सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये. भोसरीतल्या एका छोट्या ऑफिसात जुना ईपीएबीएक्स काढून व्हीओआयपी फोन बसवायचे होते. त्याचा 'डायल प्लॅन' लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मित्रहो, डायल प्लॅन म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, नियमांची यादी. आम्ही वापरलं ॲस्टरिस्क. 1999 साली मार्क स्पेन्सर या अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला आपल्या छोट्या कंपनीसाठी फोन सिस्टीम परवडेना, म्हणून त्याने ती स्वतःच लिहून काढली. (आणि आपण सबमिशनला सीनियरची फाइल शोधत फिरतो! असो.) यात एक्स म्हणजे 0 ते 9 पैकी कोणताही आकडा, झेड म्हणजे 1 ते 9 आणि एन म्हणजे 2 ते 9. दोन आणि पुढे दोन एक्स लिहिले, की 200 ते 299 हे सगळे नंबर एका ओळीत बसले.

खरी गंमत शून्याची. ऑफिसात सवय अशी, की बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य. त्यात 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणं देशभर सक्तीचं झालं. मग काय, दोनदा शून्य दाबायचं? दोन शून्यं म्हणजे तर परदेश! तोडगा निघाला आकडे मोजून. शून्यानंतर 6 ते 9 पैकी एकाने सुरू होणारे दहा आकडे आले, तर तो मोबाइल. शून्य तसंच पुढे जाऊ द्यायचं. शून्यानंतर आठच आकडे आले, तर तो पुण्यातलाच लँडलाइन, शून्य कापायचं. लोकांची सवय तीच राहिली आणि डोकेदुखी मशीनकडे गेली.

फीचर कोड तर सगळ्यांना खेळण्यासारखे आवडले. *72 ने आपला फोन दुसरीकडे वळवायचा, *73 ने परत आणायचा. *78 म्हणजे 'त्रास देऊ नका', *79 म्हणजे 'आता द्या'. महिनाअखेरीला अकाउंट्सच्या मॅडमनी *78 असं पाठ केलं, की शेवटी साहेबच उठून त्यांच्या टेबलापर्यंत जायला लागले!

पण एका गोष्टीवर मी आणि साहेब अडलो. जुने एक्स्टेन्शन नंबर 101 पासून सुरू व्हायचे. 101 रिसेप्शन, 102 अकाउंट्स, 108 डिस्पॅच, 112 स्टोअर. साहेब म्हणाले, "अरे, बारा वर्षं हेच नंबर आहेत. सगळ्यांना पाठ आहेत. बदलू नकोस." शिवाय वॉचमन काकांच्या केबिनमधल्या फोनवरून बाहेर कॉल अजिबात जाता कामा नये, कारण पूर्वी रात्रीचं बिल फार यायचं.

मी काकांनाच विचारलं, "काका, रात्री आग लागली तर कुठला नंबर लावाल?" ते म्हणाले, "एकशे एक. आगीचा तोच ना?" बरोबर. पण त्या फोनवरून 101 लावला असता, तर कुलूप लावलेल्या रिसेप्शनमध्ये घंटी वाजत राहिली असती. 108 ला डिस्पॅच आणि 112 ला स्टोअर. रात्री तिथे कोण उचलणार?

ही नुसती कल्पना नाही. डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट या महिलेवर हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे चार वेळा 911 लावला. कॉल लागलाच नाही, कारण तिथे बाहेरच्या लाइनसाठी आधी 9 दाबावा लागायचा. आई वाचली नाही. पुढे तिच्या नावाने कायदा झाला. 16 फेब्रुवारी 2020 नंतर तिथे बसवलेल्या अशा सिस्टीमवर आधी काहीही न दाबता 911 लागलाच पाहिजे आणि तो लावल्याची सूचना इमारतीच्या माणसांनाही गेली पाहिजे.

हे सांगितल्यावर साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "टाक दोनशेपासून."

सगळे एक्स्टेन्शन 201 पासून नव्याने दिले. पहिला आठवडा कुरकुर झाली, नंतर कुणाला आठवलंही नाही. 100, 101, 108 आणि 112 हे नंबर शून्य लावून किंवा न लावता, कुठल्याही फोनवरून बाहेर जातील असा नियम लिहिला. घाबरलेला माणूस दोन्हीपैकी काहीही करू शकतो. काही फोन आकडे दाबल्यावर 'अजून काही येतंय का' म्हणून काही सेकंद थांबतात, म्हणून फोनच्या आतल्या यादीतही हे नंबर घातले. काकांच्या फोनला बाकी सगळं बंद, हे चार चालू. आणि पाचवा साहेबांचा मोबाइल, तो त्यांनी आपणहून घालायला सांगितला. व्हीओआयपी फोन वीज गेली की मुका होतो, म्हणून स्विच आणि सर्व्हर यूपीएसवर घेतले.

तपासायला प्रत्यक्ष कॉल करायची गरजच नसते. ॲस्टरिस्कला 'हा नंबर कुठल्या नियमात बसतो?' असं विचारता येतं. 112 टाइप केलं आणि उत्तरात योग्य ती ओळ आली, तेव्हा सबमिशन चेक झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला!

तेव्हा मित्रांनो, हॉस्टेलच्या आणि लॅबच्या भिंतीवरच्या फोनवरून 112 सरळ लागतो की शून्य लावून, हे सिस्टीम सांभाळणाऱ्यांना एकदा विचाराच. उगाच लावून मात्र बघू नका. पलीकडे खरी माणसं बसलेली असतात, आणि त्याच वेळी कुणाला तरी त्यांची खरी गरज असू शकते.