बहात्तरावा हिस्सा

सहा फुटी माणूस एका इंचात बसवायचा, तर त्याला बहात्तर पट लहान करावं लागतं. सहा फुटांचे बहात्तर इंच, इतका सरळ हिशेब. प्लॅस्टिकच्या मॉडेल विमानांमध्ये सर्वाधिक रुळलेलं १:७२ हे प्रमाण याच हिशेबावर उभं आहे. मिग-२१ च्या पंखांचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पसारा ७.१५ मीटर, त्याचा बहात्तरावा हिस्सा १० सेंटिमीटरलाही किंचित कमीच भरतो. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारं लढाऊ विमान आरामात तळहातावर उभं राहतं.

डबा उघडतो तेव्हा हा भागाकार आधीच उरकलेला असतो. करड्या पॉलिस्टायरिनच्या दोन-तीन चौकटी, त्यांना लटकलेले सुटे भाग, पारदर्शक प्लॅस्टिकची एक छोटीशी फांदी, पाण्यात भिजवून लावायच्या चिन्हांचा, म्हणजे डेकल्सचा, एक कागद आणि घडी घातलेलं सूचनांचं पत्रक. नवख्याला वाटतं, कारखान्याने सगळं मापात लहान करून दिलंय. आपण फक्त चिकटवायचं. पण काटेकोर मापात लहान केलेलं विमान विमानासारखं दिसतच नाही, आणि साचा बनवणाऱ्याला ते काटेकोर करताही येत नाही. या छंदाची सगळी गंमत या दोन अडचणींच्या मधल्या जागेत आहे.

काही मापं उलट्या दिशेने करून पाहावीत. वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, कॅनपी, ही मॉडेलमध्ये सहज मिलिमीटरभर जाडीची असते. तिला ७२ ने गुणलं की खऱ्या विमानावर जवळजवळ तीन इंच जाडीची काच बसते. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर उरली, तर खऱ्या पंखावर ती ३६ मिलिमीटर भरेल. जुन्या मॉडेलांवर रिवेट म्हणून जे बारीक उंचवटे असत, त्यांतला ०.३ मिलिमीटरचा एखादा खऱ्या विमानावर नेला तर तो बोराएवढा होईल. यात निर्मात्याचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. वितळलेलं पॉलिस्टायरिन पोलादी साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचायला हवं, थंड होताना आकसून खळगा पडायला नको आणि भाग न मोडता साच्यातून सुटायला हवा. त्यापायी जाडी एका मर्यादेखाली नेता येत नाही. विमानाचा बाह्याकार इमानदारीने ७२ ने भागलेला असतो. कडा, जाडी आणि फटी मात्र साच्याची कुवत ठरवते.

फटींचं प्रकरण तर फारच रंगतदार. खऱ्या विमानाचं अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेलं असतं आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात एखाद्या मिलिमीटरची फट असू शकते. तिचा बहात्तरावा हिस्सा ०.०१४ मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. एवढी बारीक रेघ साच्यात कोरलीच, तरी रंगाच्या पहिल्या हाताखाली ती बुजून जाईल. म्हणून सांध्यांच्या रेघा मापापेक्षा दसपट रुंद कोरतात. काहींनी तर ताळतंत्रच सोडलं. मॅचबॉक्स कंपनीने १९७३ पासून विमानांची मॉडेलं बाजारात आणली. एकाच डब्यात वेगवेगळ्या रंगांच्या चौकटी देणं ही त्यांची खासियत. पण त्यांतल्या काही विमानांवर रेघा नव्हत्या, चर होते. अशा साच्यांमागच्या अज्ञात कारागिराला शौकिनांनी ‘चर खणणारा वेडा’ अशी पदवी बहाल केली, आणि ती अजून चालू आहे.

मग या खोट्या रेघा भरूनच का टाकू नयेत? टाकून पाहणारेही आहेत. त्यांचं विमान मापाला पक्कं असतं आणि नजरेला खेळणं वाटतं.

कारण मॉडेल डोळ्यासाठी असतं आणि डोळा अंतर पाहून ठरवतो. टेबलावरचं १:७२ चं विमान अर्ध्या मीटरवरून पाहणारा माणूस प्रमाणाच्या भाषेत ३६ मीटर दूर उभा असतो. धावपट्टीवरचं विमान इतक्या दुरून पाहिलं तर त्याचा एकही रिवेट दिसणार नाही. दिसेल ते एवढंच: एका पत्र्याची चकाकी शेजारच्या पत्र्याहून वेगळी आहे, पोटाखाली तेलाचा ओघळ आहे, धुराड्यापाशी धातू काळवंडला आहे आणि रंग हवेतल्या धुरकटपणामुळे थोडा फिकटला आहे. हे सगळं मिळून डोळ्याला पटवतं की समोरची वस्तू मोठी, जड, अनेक तुकड्यांची आहे. मॉडेलवरच्या फाजील रुंद रेघा हीच साक्ष देतात. मुरलेला मॉडेलकार तर रंगही डब्यातून थेट घेत नाही. त्यात थोडा पांढरा मिसळतो, कारण खऱ्या विमानाचा अस्सल रंग तळहाताएवढ्या विमानावर अंगावर येतो.

डोळ्यासाठी बनवायचं हे काही शौकिनांचं अलीकडचं खूळ नव्हे. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळांतल्या मुलांना १:७२ प्रमाणात लाकडी विमानं कोरायला लावली, तीही पाच लाखांच्या उद्दिष्टाने. युद्धात आभाळात दिसणारा ठिपका आपला की शत्रूचा, हे तोफेवरच्या माणसाला क्षणात ओळखता यावं म्हणून ती हवी होती. ३५ फुटांवर टांगलेलं असं विमान अडीच हजार फुटांवरच्या, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. या मॉडेलांना ना रेघा होत्या, ना चिन्हं. ती बाह्याकृती ओळखण्यासाठी होती, म्हणून काळी रंगवलेली असत. एकच प्रमाण, पण काम वेगळं आणि म्हणून खोटेपणाही वेगळा.

प्लॅस्टिकची मॉडेलं त्याआधीच सुरू झाली होती. ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ नावाने १:७२ चे संच काढले, पण ते सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि ते प्लॅस्टिक वर्षानुवर्षं ठेवलं की वेडंवाकडं होतं. पुढे फ्रॉगचे साचे सोव्हिएत युनियनला गेले, तेव्हा जर्मन आणि जपानी विमानांचे साचे तिथे नको झाले आणि ते रेवेल कंपनीकडे वळले. लहान मुलांच्या खेळण्यापर्यंतही महायुद्धाचा हिशेब पोचतो तो असा. पॉलिस्टायरिनने खरा बाजार धरला एअरफिक्समुळे. निकोलस कोव्ह या हंगेरियन स्थलांतरिताने लंडनमध्ये १९३९ मध्ये काढलेली ही कंपनी आधी हवा भरायची रबरी खेळणी आणि मग कंगवे बनवायची. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज वूलवर्थ दुकानांत पॉलिथिनच्या पिशवीत, दोन शिलिंगांना विकायला आलं. पुढच्याच वर्षी स्पिटफायर आलं आणि विमानांची रांग लागली. १९६४ ते १९७४ या काळात रॉय क्रॉस यांनी डब्यांवर रंगवलेली चित्रं पाहून कित्येकांनी डबा उचलला: बाहेर बंदुकांच्या ठिणग्या, आत करड्या तुकड्यांच्या चौकटी. त्या चित्राच्या जवळ जाण्यात पुढचे दिवस जात.

ते दिवस नेमके कशात जातात, हे जवळून पाहण्यासारखं आहे. मिग-२१ चं धड डाव्या-उजव्या अशा दोन अर्ध्या भागांत येतं. ते एकमेकांवर ठेवून, बोटांनी दाबून धरून सांध्यावर पातळ सिमेंटने भिजलेल्या ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप फटीतून धावत जातो. तो डिंक नसतोच. ते द्रावक असतं, प्लॅस्टिकच्या दोन्ही कडा विरघळवणारं. दाब दिला की सांध्यातून मऊ प्लॅस्टिकचा बारीक धागा वर येतो, आणि तो आला की जोड बरोबर झाला असं समजावं. इथे उतावळेपणा नडतो. धागा सुकण्याआधी पुसला तर शेजारची रेघ फासली जाते. दिवसभर ठेवून मग तो ब्लेडने खरवडायचा, राहिलेल्या खळग्यात सुताराने दाराला भरावी तशी लांबी भरायची, चारशे नंबरपासून दोन हजार नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचे. या घासण्यात पाठीवरच्या आणि पोटावरच्या आडव्या रेघा नाहीशा होतात. त्या सुईने, पट्टी धरून पुन्हा कोराव्या लागतात. खोट्या रेघा इतक्या निगुतीने परत काढणारा माणूस पाहिला, की तो वेडा आहे की फार शहाणा, याचा निर्णय लवकर होत नाही.

मिगचा आणखी एक हट्ट. ते तीन चाकांवर उभं राहतं आणि मॉडेलचं वजन मागे झुकतं, त्यामुळे नाकात भार घातला नाही तर ते शेपटीवर बसतं. या विमानाच्या नाकाशी हवा घेणारं गोल तोंड आणि त्यात शंकू आहे; शंकूची पोकळी शिशाच्या बारीक छर्‍यांनी भरली की काम होतं. एकदा धड चिकटलं की आठवण होऊन उपयोग नाही.

आणि कॉकपिट. सोव्हिएत लढाऊ विमानांच्या कॉकपिटला एक हिरवट-निळा रंग असे, मोरपिशीच्या बराच अलीकडचा, आणि त्याची छटा नेमकी कोणती यावर मॉडेलकारांची भांडणं आजवर मिटलेली नाहीत. उपकरणांच्या तबकड्या, आसनावरचे पट्टे, बाजूच्या कळा, हे सगळं टोकदार ब्रशने रंगवून झाल्यावर त्यावर तीन इंची जाडीची ती कॅनपी बसते आणि निम्मं काम कायमचं झाकलं जातं. ती काच थोडी तरी स्वच्छ दिसावी म्हणून अमेरिकेतल्या मॉडेलकारांनी फरशीला लावायच्या ॲक्रिलिक पॉलिशमध्ये कॅनपी बुडवायची युक्ती काढली, आणि ती जगभर पसरली. डोळ्यासाठी काम करायचं म्हणणारा माणूस इथे मात्र डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीवर दोन संध्याकाळी घालवतो. ही विसंगती खरी आहे, आणि तिच्यावर हसणाऱ्यांपेक्षा ती करणारे अधिक चांगली विमानं बनवतात, हेही खरं.

भारतीय विमान बनवू पाहणाऱ्याची परीक्षा रंगात आणि पुराव्यात होते. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा नाशिकजवळचा ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बनवण्यासाठीच उभा राहिला. इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून येत. त्यामुळे नाशिक-निफाडकडच्या मुलांना हे विमान घरचं असतं, आणि ‘ओझरचं मिग’ बनवण्याची हौस इथे सहज कळते. पण सुरुवातीची एफएल जातीची विमानं उघड्या धातूची, आणि उघडा धातू म्हणजे मॉडेलकाराची सत्त्वपरीक्षा. आधी चकचकीत काळा रंग, त्यावर एअरब्रशने ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर. घासताना राहिलेला प्रत्येक ओरखडा काळ्या थरातून वर येऊन चमकतो. मॅट हिरव्या-खाकी रंगाखाली खपलं असतं, ते इथे लपत नाही. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास यांतल्या काही विमानांवर तळावरच छद्मरंग चढवला गेला, म्हणून एकासारखं दुसरं नसतं. अशा वेळी सूचनापत्रकावरचं ठरीव चित्र कामाचं नसतं. त्या क्रमांकाच्या त्या विमानाचा फोटो शोधावा लागतो.

जुन्या संचांचे प्रश्न वेगळेच. एअरफिक्सने १९६४ मध्ये नॅट काढलं, पण ते ब्रिटिश प्रशिक्षणाचं दोन आसनी नॅट. १९७१ मध्ये श्रीनगरवर लढताना हौतात्म्य पत्करणारे परमवीरचक्र विजेते निर्मलजित सिंग सेखों यांचं एक आसनी नॅट त्यातून काढायचं, तर पुढची बाजू बदलायची आणि पंखही आखूड करायचे. डब्यावरचं नाव तेच असलं म्हणून विमान तेच होत नाही.

डेकलला पाठीमागे डेक्स्ट्रिनचा डिंक असतो आणि वर पारदर्शक पापुद्रा. कागद पाण्यात ठेवला की तो सुटा होतो आणि ओल्या ब्रशने हलवून जागेवर नेता येतो. खरखरीत मॅट रंगावर तो लावला तर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चिन्हाभोवती चंदेरी कडा दिसतात. म्हणून आधी चमकदार वार्निश, मग डेकल, मग पुन्हा वार्निश. भारतीय हवाई दलाचं वर्तुळ बाहेरून आत केशरी, पांढरं, हिरवं असं आहे, आणि केशरी फिका छापला गेला असेल तर धातूच्या चंदेरीवर तो मळकट पिवळा दिसतो.

मग येतो मळवण्याचा भाग, आणि इथे आज सर्वांत जास्त अतिरेक चालतो. ऐंशीच्या दशकात बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हेर्लिंडन यांनी डाग, झीज आणि सावल्यांची शैली लोकप्रिय केली. स्पॅनिश मॉडेलकारांनी ती आणखी पुढे नेली. आता रेघेरेघेत काळा रंग सोडलेली, चौकोनाचौकोनात फिकट-गडद खेळ केलेली विमानं स्पर्धांत बक्षिसं घेतात. हा खोटेपणा नको तिथे वाढलेला आहे. धावपट्टीवर रोज पुसलं-धुतलं जाणारं विमान असं कधी दिसत नाही. मळ असतो तो चढायच्या जागी, चाकांच्या खाचेत, तोफेच्या तोंडाशी. कोण कुठे पाय ठेवतं हे माहीत असलेल्या माणसाने केलेली झीज ओळखू येते.

पण ते कळायचं कुठून? २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. आता जे उरलं आहे, ते चौकांत, शाळांच्या आवारात आणि हवाई तळांच्या दाराशी उभ्या असलेल्या विमानांत. अशी विमानं पुन्हा पुन्हा रंगवली जातात, तीही बाजारात मिळेल त्या निळ्या-राखाडी ऑइलपेंटने, आणि वर्तुळंही अंदाजाने काढतात. त्यांचा फोटो काढून त्यावर मॉडेल रंगवणाऱ्याचं विमान चौकातल्या मिगसारखं होतं. सेवेतल्या मिगसारखं व्हायला सत्तरच्या दशकातले तळावरचे फोटोच हवेत, आणि ते बहुतेक कृष्णधवल आहेत. त्यात केशरी आणि हिरवा, दोन्ही राखाडीच दिसतात. कुठला गडद, यावर पुढचा वाद सुरू होतो.