खोकल्यातला ख

निनावी पत्र आलं की ते उभं फाडायचं आणि केराच्या टोपलीत टाकायचं, हे मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकलो आणि पुढे तीस वर्षं पाळलं. मी एका कारखानदार कंपनीच्या शेअर खात्यात होतो. भागधारकांची पत्रं माझ्या टेबलावर यायची : लाभांश मिळाला नाही, पत्ता बदलला, वडील वारले. मधूनच एखादं बिनसहीचं. ज्याला स्वतःचं नाव लिहायची हिंमत नाही त्याने दुसऱ्याच्या अब्रूला हात घालू नये, असं मी चारचौघांत ठणकावून सांगायचो. पुढे शेअरवाल्यांची कुजबुज फोर्टातल्या चहाच्या टपरीवरून मोबाइलवर गेली, टोपणनावांचं पीक आलं, तसं माझं मत आणखी पक्कं झालं.

त्याला आधारही होता. अमेरिकेतल्या होल फूड्स या किराणा कंपनीचे प्रमुख जॉन मॅकी कित्येक वर्षं इंटरनेटवर ‘राहोडेब’ या नावाने स्वतःच्या कंपनीचे गोडवे गात होते आणि वाइल्ड ओट्स या प्रतिस्पर्ध्याची नालस्ती करत होते. बायकोच्या डेबोरा या नावातली अक्षरं उलटसुलट करून बनवलेलं नाव! २००७ साली बिंग फुटलं, तेव्हा त्यांचीच कंपनी वाइल्ड ओट्स विकत घ्यायला निघाली होती. बघा, मी म्हणायचो, बुरख्याआड कोण असतं ते.

मग २०१५ च्या सप्टेंबरात एक निकाल वाचनात आला. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या आवारात सर्व्हर ठेवणाऱ्या काही दलालांना इतरांच्या आधी भाव दिसतात, असं सांगणारं निनावी पत्र सेबीला गेलं होतं. त्याची प्रत पत्रकार सुचेता दलाल यांना मिळाली होती. त्यांच्या ‘मनीलाइफ’ या नियतकालिकाने जूनमध्ये ते प्रकरण छापलं. बाजाराने १०० कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मनाई हुकूम तर दिला नाहीच, उलट बाजारालाच ५० लाख भरायला लावले, त्यातले ४७ लाख टाटा आणि मसीना या रुग्णालयांना. (अशी तजवीज करणारे न्यायाधीश मला आवडतात.) पुढे सेबीने लावलेली ६२४.८९ कोटींची वसुली २०२३ मध्ये अपिलात रद्द झाली, पण हलगर्जीपणाबद्दल १०० कोटी बाजाराला भरावे लागलेच.

मी अडलो ते मात्र वेगळ्या जागी. छापण्याआधी दलाल यांनी बाजाराच्या वरिष्ठांना प्रश्न पाठवले होते. उत्तर आलं नव्हतं. पत्राखाली नाव नव्हतं, पण आतला मजकूर पडताळता येण्यासारखा होता, आणि त्यांनी तो पडताळला होता. फाडला नव्हता.

माझ्या पोटात कालवलं, कारण एक पत्र मीही फाडलं नव्हतं.

आंतरदेशीय पत्र होतं, निळं, मराठीत. भंगार विकताना वजनकाट्यावर खोटी नोंद होते, खरा माल जास्त जातो, वरचे पैसे एका संचालकाच्या मेहुण्याला पोचतात. गाड्यांचे नंबर दिले होते, तारखा दिल्या होत्या. साहेबांनी दार लावून घेतलं. ‘वजनाचं राहू द्या. हे अक्षर कोणाचं ते बघा.’

रजेच्या अर्जांची फाइल घेऊन मी दोन दुपारी बसलो. पत्रातला ‘ख’ फुटका होता, ‘रव’ वाचावा असा. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तो सापडला : ‘ताप व रवोकला असल्यामुळे’. काट्यावरचा कारकून. मला आनंद झाला, हे लिहायला हवं. कोडं सुटल्याचा आनंद. त्याला वकिलाची नोटीस गेली, नंतर लांबच्या गोदामावर बदली. गाड्यांचे नंबर कोणी पाहिलेच नाहीत, मीही नाही. दोन वर्षांनी हिशेबतपासनिसांनी भंगारातली तूट काढली, तेव्हा मला बढती मिळून वर्ष झालं होतं.

तो नंतर एकदा दादरला भेटला. चहा प्यायलो. जाताना म्हणाला, ‘साहेब, माझं अक्षर कोणी ओळखलं असेल हो?’ मी म्हटलं, ‘काय कल्पना नाही बुवा.’

आता मी आधी मजकूर वाचतो, सही मागाहून शोधतो. जमतंच असं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये इन्फोसिसच्या वरिष्ठांविरुद्धचं निनावी पत्र फुटलं आणि शेअर एका दिवसात १६ टक्के कोसळला. जानेवारीत चौकशीअंती आरोप निराधार ठरले. तेव्हा माझं जुनं मत पुन्हा बाहीला धरून ओढू लागलं. आजही कोणी टोपणनावाने ‘मालक चोर आहे’ एवढंच लिहिलं, तर मी ते बाजूला सारतो. गाडीचा नंबर दिला असेल तर मात्र थांबतो.

हा मसुदा वकील असलेल्या भाच्याला दाखवला. तो म्हणाला, ‘मामा, कंपनीचं नाव काढा. नुसतं खरं असून भागत नाही, फौजदारीत ते लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. अब्रुनुकसानीचं कलम आता ३५६ झालंय, एवढाच फरक.’ नाव मी खोडलं. खाली माझी सही आहे, पण ते नाव तुम्हाला या कागदावर सापडणार नाही.