ध्वनिक्षेपकापुढचा कवी

फारूक नाझकी ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवर्तले. काश्मिरी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत कविता करणारा आणि उमेदीची सारी वर्षे आकाशवाणी व दूरदर्शनला देणारा हा कवी मराठी वाचकांच्या फारसा परिचयाचा नाही. आम्हांला तो भेटला तोही आडवाटेनेच. हैदराबादेत आमच्या वडिलांचे शिक्षण निजामी अमदानीत उर्दूतून झाले. घरात मराठी आणि दप्तरात उर्दू. त्यांच्या लेखी या दोहोंत कधी भांडण नव्हते. आम्हांला त्यांनी अलिफ-बे शिकविले ते निव्वळ हौसेने. त्या शिदोरीवर पुढे आम्ही नाझकींचा ‘लफ्ज लफ्ज नौहा’ हा उर्दू संग्रह वाचला. नौहा म्हणजे करबलेच्या हुतात्म्यांसाठी करावयाचा शोक. शब्दाशब्दातून शोक, हे शीर्षकच पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबविते.

नाझकींचा जन्म १९४० सालचा, वुलर सरोवराच्या काठच्या बांदिपुऱ्याचा. वडील मीर गुलाम रसूल नाझकी हेही दोन्ही भाषांतले कवी. त्यांच्या काश्मिरी चौपद्या नावाजलेल्या. अशा घरातल्या मुलाला ‘कोणत्या भाषेत लिहू?’ हा प्रश्न पडत नसावा, असे आपण म्हणू; पण खोऱ्यातला इतिहास वेगळे सांगतो. त्या राज्यात १८८९ पासून दरबारची भाषा उर्दू. काश्मिरीला १९५० साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले खरे, पण तिच्या स्वतःच्या भूमीत तिला राजभाषांमध्ये जागा मिळाली ती २०२० मध्ये. शाळेच्या वेळापत्रकातही तिला दीर्घकाळ थारा नव्हता. लिपीचाही एक पेच होताच. मुसलमान फारसी वळणाच्या लिपीत लिहिणार, पंडितांपैकी अनेक जण नागरीत. आणि बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपली भाषा कोणत्याच लिपीत वाचता येऊ नये! मग इतकी वर्षे ही भाषा राहिली कोठे?

ती तोंडात राहिली आणि कानात राहिली. १ जुलै १९४८ रोजी श्रीनगरचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि या कानांना एक हक्काचे स्थान मिळाले. ‘रेडिओ काश्मीर’ हे त्याचे नाव २०१९ पर्यंत टिकले. तेथील ‘झूनाडब’ हा प्रभातीचा कार्यक्रम तर दंतकथेसारखा झाला होता. झून म्हणजे चांदणे आणि डब म्हणजे घराचा सज्जा. एका कुटुंबाच्या नोकझोकीतून गावचे रस्ते, पाणी, लाचलुचपत सारे बोलले जाई. पुष्कर भान आणि सोमनाथ साधू हे त्याचे प्राण. १९७४ साली दोघांनाही पद्मश्री मिळाली. हे दोघे पंडित, त्यांच्यासमवेत मरियम बेगम, आणि ऐकणारे बहुतांशी मुसलमान. लिपीची भिंत ध्वनिक्षेपकाला दिसतच नव्हती.

नाझकी याच परंपरेतले. ऐकण्यासाठी लिहिलेल्या वाक्याला मागे वळण्याची सोय नसते. वाचक पान पुन्हा उलटू शकतो, श्रोता नाही. ही शिस्त कवीला मारते असे काही जण मानतात. आम्हांला तसे वाटत नाही. आपल्याकडे बाकीबाब बोरकरांनी १९५५ पासून १९७० पर्यंत आकाशवाणीची नोकरी केली, मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही घरांत ते सारख्याच हक्काने वावरले, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८१ मध्ये ‘सासाय’ या कोंकणी संग्रहासाठी मिळाला. त्यांच्या ओळी कानाला गोड लागतात याचे श्रेय सगळे नोकरीला द्यावे असे नव्हे. पण नोकरीने त्यांचा कान बिघडविला असे तरी कोण म्हणेल?

बोरकरांच्या वाट्याला न आलेली एक गोष्ट मात्र नाझकींच्या वाट्याला आली. श्रीनगरचा ध्वनिक्षेपक सरकारचा होता. १३ फेब्रुवारी १९९० रोजी दूरदर्शनच्या श्रीनगर केंद्राचे संचालक लस्सा कौल यांना अतिरेक्यांनी गोळ्या घालून ठार केले. पंडितांची घरे ओस पडली आणि ‘झूनाडब’ने जोडलेले कान दोन मुलखांत वाटले गेले. त्या हिंसाचाराच्या वर्षांत आकाशवाणी आणि दूरदर्शन या दोन्ही केंद्रांची धुरा नाझकींनी वाहिली. पुढे ते मुख्यमंत्र्यांचे माध्यम सल्लागारही झाले. जो शासनाच्या वतीने बोलतो त्याच्या शोकावर लोकांनी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून त्यांच्याविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्यापुरते आम्ही एवढेच पाहतो, की त्या खुर्चीवर बसणे म्हणजे काय हे लस्सा कौलांच्या मृत्यूनंतर कोणाला सांगावे लागत नव्हते; आणि ती खुर्ची रिकामी राहती तर खोऱ्यातल्या घरांतून काश्मिरी शब्द तेवढा कमी ऐकू आला असता. खुर्ची भूषवूनही नौहा लिहिता येतो की नाही, याची साक्ष कविताच देणार.

१९९५ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो काश्मिरी संग्रहाला, ‘नार ह्योतुन कंझल वनस’ला. नार म्हणजे आग, आणि वन ते आपलेच वन. रानाने पेट घेतला आहे. उर्दूतून त्यांना दिल्ली-लखनौपासून आमच्या हैदराबादेपर्यंतचा वाचक लाभत होता. काश्मिरीतून बोलायचे ते घरच्यांशीच. वडिलांच्या अलिफ-बेवर विसंबून आम्ही त्या काश्मिरी ओळी वाचू पाहिल्या. अक्षरे ओळखीची निघाली, पण त्यांवरच्या अनोळखी स्वरचिन्हांनी जीभ दर शब्दाला अडखळली; अर्थ तर दूरच. शेजारी बसलेल्या आमच्या नातीने, जिला मराठी समजते पण वाचता येत नाही, विचारले, “आजोबा, हे मराठी आहे का?”