कोर्टावरची दुसरी खुर्ची

१४ ऑगस्ट २०२५ ला डॉ. वेस पेस गेले. नागपूरहून येणाऱ्या पेपरात बातमी होती. मूळ गोव्याचा माणूस, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं ब्राँझ, लिअँडरचे वडील, सगळं व्यवस्थित दिलेलं. मी अडकलो ते शेवटाकडच्या एका उल्लेखापाशी. डेव्हिस कपच्या भारतीय संघाचे ते डॉक्टर होते. पेपर तसाच मांडीवर राहिला आणि मला मामा आठवला.

टेनिस हा एकट्याचा खेळ. विंबल्डनला सेंटर कोर्टवर माणूस कोसळत असला तरी त्याच्या बाजूच्या खुर्चीत कोणी नसतं. अलीकडे कोचला प्रेक्षकांतून दोन शब्द बोलायची मुभा मिळाली, तेवढंच. देशादेशांमधल्या डेव्हिस कपमध्ये मात्र कोर्टाच्या कडेला कॅप्टन बसतो. बाजू बदलताना खेळाडू येतो, त्याच्याजवळ टेकतो, काही ऐकतो, पाणी पितो, परत जातो. मागे बाकावर बाकीचा संघ. टेनिसमधली माझी सगळी माया या बसलेल्या माणसांवर आहे.

मामा सावरगावचा. आमच्या पांढुर्ण्यापासून जाम नदीच्या पलीकडचा. जिनिंगमध्ये कारकून होता. १९७४ च्या सप्टेंबरात तो पुण्याला गेला आणि डेक्कन जिमखान्याच्या हिरवळीवर भारत विरुद्ध सोव्हिएत युनियन पाहून आला. आपण ३-१ ने जिंकलो आणि फायनलला गेलो. मी दहा वर्षांचा. पुढे कित्येक दिवस संध्याकाळी आम्ही पांढुर्णा स्टेशनच्या बाकावर बसायचो आणि तो मला अमृतराज बंधूंची डबल्स सांगायचा. विजय सर्व्हिस करतोय, आनंद जाळीपाशी वाकलाय, हे तो बाकावरून उठून, धोतराचा सोगा कमरेला खोचून करून दाखवायचा. समोरून जी. टी. धडधडत जायची. ती मद्रासची गाडी आणि अमृतराज मद्रासचे, त्यामुळे डब्यांच्या खिडक्यांत मी दोन उंच माणसं शोधायचो.

मग आंबिया बहाराची तोड सुरू झाली आणि एका संध्याकाळी मामा बाकावर गप्प बसला. फायनल दक्षिण आफ्रिकेशी होती, आणि आपल्या सरकारने खेळायला नकार दिला होता.

"मंग कप कोनाले?" मी विचारलं.

"त्याइले."

मला रडू आलं. त्याने मला जवळ ओढलं नाही की समजूत काढली नाही. तो म्हणाला, "ज्या देशात आपल्यासारख्याले बाकावर बसू देत नाहीत, त्याइच्यासंग कायचा खेळ?" आणि ज्या बाकावर आम्ही बसलो होतो त्याच्या फळीवर हात ठेवला.

ही आठवण मी आयुष्यात नाना ठिकाणी नेली आहे आणि दर वेळी तिथेच, त्या फळीपाशी, येऊन थांबलो आहे.

डेव्हिस कप ही स्पर्धा १९०० साली सुरू केली ड्वाइट डेव्हिसने. हार्वर्डचा तरुण, चांदीचं भांडं स्वतःच्या पैशाने घडवून घेतलं आणि बोस्टनला पहिल्या सामन्यात अमेरिकेचा कॅप्टनही तोच. देशादेशांत मैत्री वाढावी, ही इच्छा. हाच डेव्हिस पुढे, १९२५ ला, अमेरिकेचा युद्धमंत्री झाला. त्या भांड्याखाली विजेत्यांची नावं कोरतात. १९७४ पर्यंत तिथे चारच संघ होते: अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स. पाचवं नाव लागलं ते दक्षिण आफ्रिकेचं, फायनलचा एकही चेंडू न मारता. त्याच वर्षी कलकत्त्याला आपण ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं होतं, ३२७ गेम खेळून. एका लढतीत इतके गेम डेव्हिस कपमध्ये कधीच झाले नव्हते. त्या घामाचं नाव कुठेच कोरलेलं नाही. मामाचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं, आणि तरीही त्या पाचव्या नावाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी-शेजारी बसून आहेत.

अमेरिकेच्या आर्थर ॲशला याच दक्षिण आफ्रिकेने काळा म्हणून व्हिसा नाकारला होता. तो १९८१ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिस कप संघाचा कॅप्टन झाला, त्या खुर्चीत बसला आणि दोन वर्षं ओळीने कप जिंकला. हे कळलं तेव्हा सांगायला मामा नव्हता. तो गेला त्याच्या आदल्या वर्षी.

२०१७ च्या फेब्रुवारीत मी पुण्यात बालेवाडीला डेव्हिस कप पाहायला गेलो. समोर न्यूझीलंड. डबल्सच्या विक्रमासाठी लिअँडरला एक विजय हवा होता, बेचाळीस झाले होते. तो आणि विष्णू वर्धन हरले. त्रेचाळिसावा मिळायला पुढच्या वर्षीचं चीनमधलं तिआंजिन उजाडावं लागलं, बोपण्णाच्या जोडीने. लोक हळहळत उठले. मी मात्र खुर्चीकडे बघत होतो, कारण तिच्यात आनंद अमृतराज बसले होते, कॅप्टन म्हणून, शेवटच्या लढतीला. मामाने ज्या शहरात त्यांना जाळीपाशी वाकलेलं पाहिलं, त्याच शहरात. केस पिकलेले. ते खेळाडूंना काय सांगत होते ते वर ऐकू येत नव्हतं, पण मला ते ऐकायचंही नव्हतं.

पेस गेले आणि आठवड्यावर पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. सावरगावकर पळसाचं झाड जामच्या पात्रात रोवतात, पांढुर्णेकर त्यावरचा झेंडा तोडायला धावतात, आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगड. माझं आजोळ एका काठाला, घर दुसऱ्या. आईला त्या दिवशी जेवण जायचं नाही. तिचा भाऊ तिकडे आणि दीर इकडे.

मामाने दगड कधी उचलला नाही. जिनिंगमधला सरकी काढलेला कापूस पिशवीत भरून, टिंक्चर आयोडीनची बाटली घेऊन तो आमच्या काठाला यायचा आणि एका दगडी ओट्यावर बसायचा. डोकं फुटलेला पोरगा आला की त्याला शेजारी बसवायचा, केस बाजूला सारायचा, कापूस दाबून धरायचा. पोरगं ओरडलं की म्हणायचा, "बस, बस. हालू नोको." पट्टी झाली की पोरगं पुन्हा नदीकडे पळायचं. मामा हाताला लागलेलं टिंक्चर धोतराला पुसायचा आणि पुढच्याला बोलवायचा. सावरगावातून त्याला बोल लागायचे, आमच्या गल्लीतूनही.

आता काठावर सरकारी डॉक्टरांचे तंबू असतात, ॲम्ब्युलन्स असते. २०२५ ला मी तंबूबाहेर उभा राहिलो. दुपारपर्यंत आत खाटा भरल्या. ड्रेसिंग करणारी मुलगी एकटी तिघांना बघत होती. मी विचारलं, कोणाचं डोकं धरायला माणूस हवा का? तिने वर न पाहता स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.